नागपूरच्या घरबागेतील फुलपाखरे आणि बदलते ऋतू : या चुका टाळा

एप्रिलचा दुसरा पंधरवडा लागला की नागपुरात बागेची हौस असलेल्या अनेक घरांतून एकच तक्रार ऐकू येते. दिवाळीच्या सुमारास अंगणात रोज पंधरा-वीस फुलपाखरे भिरभिरत होती आणि आता आठवडाभरात दोनसुद्धा दिसत नाहीत, तेव्हा बागेत काही बिघडले आहे का, असा प्रश्न विचारला जातो. बहुतेक वेळा बागेत काहीही बिघडलेले नसते. नागपूर शहर आणि परिसरातील फुलपाखरांवर २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १४५ जातींची नोंद आहे, आणि त्यांपैकी बहुतेक जाती पावसाळ्यापासून हिवाळ्याच्या सुरुवातीपर्यंत दिसतात व उन्हाळा लागताच कमी होतात, असेच त्यातही आढळले आहे. उडणारे फुलपाखरू दिसत नसले तरी तेच फुलपाखरू अंडे, अळी किंवा कोष या रूपात बागेतच असू शकते. आपल्या हातून होणाऱ्या बहुतेक चुका नेमक्या याच काळात होतात, कारण जे दिसत नाही त्याची काळजी घ्यायचे आपल्याला सुचत नाही.

मे महिन्यातील घाई

नवतपाच्या दिवसांत पारा ४५ अंशांच्या वर जातो, गवत आणि लहान झुडपे वाळतात, आणि अळ्यांना लागणारी कोवळी पालवी जवळजवळ नाहीशी होते. अशा वेळी फुलपाखरे परत यावीत म्हणून नर्सरीतून फुलझाडे आणून लावणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. ती रोपे आठवडाभरात होरपळतात. शिवाय विक्रीसाठी ठेवलेल्या रोपांवर अनेकदा कीटकनाशक फवारलेले असते आणि त्याचा अंश पानांत बराच काळ टिकतो. भरगच्च पाकळ्यांच्या संकरित फुलांत फुलपाखराची सोंड मधुरसापर्यंत पोहोचतही नाही. या काळात नवी लागवड करण्यापेक्षा असलेली खाद्यझाडे, म्हणजे ज्यांची पाने अळ्या खातात ती झाडे, जगवावीत: गोडनिंब (कढीपत्ता), लिंबू, सीताफळ आणि फाटकाजवळचा उंच अशोक. कुंड्यांवर हिरवी जाळी बांधावी, संध्याकाळी पाणी द्यावे, आणि लागवडीसाठी मृगाच्या पावसाची वाट पाहावी.

साखरपाण्याची वाटी ठेवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तिच्यामुळे फुलपाखरांपेक्षा मुंग्याच अधिक येतात, आणि त्या झाडावरची अंडी व लहान अळ्या उचलून नेतात. फुलपाखरांना उन्हाळ्यात खरा उपयोग होतो तो ओल्या मातीचा. कूलरच्या टाकीतून पाणी झिरपून भिंतीलगत जो वीतभर पट्टा ओला राहतो, तिथे सकाळी आठच्या सुमारास खाली बसून पाहावे. नखाएवढी ग्रास ब्लू फुलपाखरे पंख मिटून, सोंड मातीत खुपसून स्थिर बसलेली दिसतात. ती प्रामुख्याने नर असतात आणि पाण्याबरोबर मातीतील क्षार शोषून घेतात. तो पट्टा चिखल होतो म्हणून तिथे फरशी बसवू नये, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

पोळ्यानंतरची साफसफाई

जूनच्या मध्यावर पाऊस येतो आणि पंधरा दिवसांत मोकळ्या जागेत तरोटा (टाकळा) उगवतो. ग्रास यलो ही लहान पिवळी फुलपाखरे आणि त्यांच्याहून मोठी एमिग्रंट फुलपाखरे तरोट्यावर अंडी घालतात. घोळीवर डॅनेड एगफ्लायच्या अळ्या वाढतात, गवतावर ईव्हनिंग ब्राऊनच्या, आणि एकदांडीच्या लहानशा फुलांवर कितीतरी जातींचे पोट भरते. ऑगस्टपासून संख्या वाढू लागते, आणि नेमक्या त्याच वेळी गणपती व महालक्ष्म्यांच्या तयारीसाठी अंगण खरवडून स्वच्छ केले जाते. त्यानंतर सप्टेंबरात फुलपाखरे एकदम कमी झाली, तर दोष हवामानाचा नसून खुरप्याचा असतो.

सगळे रान वाढू द्यावे, असे माझे म्हणणे नाही. गाजरगवत बिनदिक्कत उपटावे, दाराजवळचे उंच गवत साप-विंचवाच्या भीतीने कापणे योग्यच आहे, आणि डेंग्यूच्या दिवसांत साचलेले पाणी ओतून टाकलेच पाहिजे. परंतु कुंपणालगतचा चार फूट लांब-रुंद तुकडा दिवाळीपर्यंत तसाच ठेवला तर घराची शोभा कमी होत नाही. डासांसाठी झुडपांवर कीटकनाशक मारणे मात्र टाळावे, कारण डासांची पैदास पाण्यात होते आणि झुडपावरच्या औषधाने आधी फुलपाखरांच्या अळ्या मरतात.

लिंबावरची अळी

माझ्या मते सर्वांत मोठे नुकसान इथे होते, म्हणून हा भाग सविस्तर लिहितो. गोडनिंबाच्या किंवा लिंबाच्या कोवळ्या पानावर मोहरीएवढा, फिकट पिवळा, गोल मणी दिसतो. ते लाइम बटरफ्लाय किंवा कॉमन मॉरमॉनचे अंडे असते. तीन-चार दिवसांत त्यातून अळी निघते. ती गडद तपकिरी असून तिच्या पाठीवर पांढुरका डाग असतो, त्यामुळे ती हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते आणि भक्षकांच्या नजरेतून वाचते. शेवटची कात टाकल्यावर ती पानाच्या रंगाची हिरवी होते. तिला डिवचले तर डोक्यामागून नारिंगी रंगाचे दुभंगलेले शिंग बाहेर येते आणि उग्र वास सुटतो. ते शिंग पाहून घाबरलेली माणसे फवारणीचा पंप आणतात. ही अळी माणसाला काहीही इजा करत नाही.

विदर्भात संत्र्याच्या बागांमध्ये, विशेषतः लहान कलमांवर, ही अळी खरोखरच कीड ठरते, आणि तिथला सल्ला जसाच्या तसा घरच्या एका झाडाला लावला जातो. पाच फूट उंचीच्या, मुळे धरलेल्या गोडनिंबाची अर्धी पाने गेली तरी पावसाळ्यात त्याला काही आठवड्यांत नवी पालवी फुटते. रोप अगदीच लहान, दहा-बारा पानांचे असेल, तर अळीला हात न लावता ती बसलेले पान कात्रीने कापून मोठ्या लिंबाच्या फांदीवर ठेवावे; लाइम बटरफ्लायची अळी बेलावरही वाढते. निंबोळी अर्क नैसर्गिक असल्याने निर्धोक आहे, हा समजही सोडला पाहिजे. तो अळीचे खाणे व कात टाकणे बिघडवतो, आणि कोणती अळी मारायची हे त्याला कळत नाही. मावा किंवा पिठ्या ढेकूण पडला असेल तर तेवढीच फांदी पाण्याच्या जोरदार धारेने धुवावी.

अळ्या काल होत्या आणि आज नाहीत, अशीही तक्रार असते. काही अळ्या बुलबुल आणि गांधीलमाश्या नेतात, आणि तो बागेचा नेहमीचा व्यवहार आहे. मात्र पूर्ण वाढलेली अळी खाणे थांबवून स्वतःच काही फूट चालत जाते आणि फांदीवर, भिंतीवर किंवा कुंडीच्या काठाखाली कमरेभोवती रेशमी धागा बांधून कोष करते. हा कोष आधाराप्रमाणे हिरवा किंवा तपकिरी असतो. पावसाळ्यात त्यातून आठवडा-दहा दिवसांत फुलपाखरू निघते, पण थंडीतला कोष कित्येक आठवडे, कधी महिनेही तसाच राहू शकतो. तो मेला असे समजून काढून टाकू नये.

एका जानेवारीत मी लिंबाची छाटणी केली आणि फांद्यांचा ढीग फाटकाशी रचला. एका काडीवरची गाठ वेगळी वाटली म्हणून बोट लावले, तर ती किंचित वळवळली. तो कोष होता. ती काडी मी दोऱ्याने पुन्हा झाडाला बांधली, आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात तिच्यावरून कॉमन मॉरमॉन उडाले. त्याआधीच्या वर्षांत असे किती कोष कचरागाडीत गेले असतील, याची हुरहूर अजून जात नाही. तेव्हापासून हिवाळी छाटणीआधी मी प्रत्येक फांदी उलटून पाहतो, आणि छाटलेल्या फांद्या दोन महिने कोपऱ्यात ठेवतो.

पाहण्यात आणि मोजण्यात होणाऱ्या चुका

डिसेंबरात सकाळी सात वाजता बागेत फेरी मारून फुलपाखरे नाहीत असे ठरवणे बरोबर नाही. उडण्याचे स्नायू उन्हाने तापल्याशिवाय फुलपाखराला उडता येत नाही. साडेनऊनंतर पूर्वेकडच्या भिंतीवर किंवा उन्हातल्या पानावर ती पंख पसरून बसलेली दिसतात. उन्हाळ्यात याच्या उलट करावे, म्हणजे सकाळी नऊच्या आतच पाहून घ्यावे.

ऋतूनुसार रूप बदलणाऱ्या जातींमुळेही नोंदी चुकतात. ईव्हनिंग ब्राऊनच्या पंखांच्या खालच्या बाजूवर पावसाळ्यात ठळक डोळे असतात, आणि कोरड्या ऋतूतल्या पिढीत ते जवळजवळ मिटून पंख वाळक्या पानासारखा होतो. पीकॉक पॅन्सीचेही असेच आहे. अनेक जण या रूपांची दोन वेगळ्या जाती म्हणून नोंद करतात, आणि मग हिवाळ्यात एक जात नाहीशी झाल्याचे त्यांना वाटते. संध्याकाळी दिव्याजवळ घरात शिरणारे ईव्हनिंग ब्राऊन पतंग समजून हाकलले जाते. त्याच्या मिशांची टोके जाडसर आहेत का, एवढे पाहिले तर फरक कळतो.

नोंद ठेवायची तर आठवड्यातून एकाच वारी, ऋतूला योग्य अशा ठरलेल्या वेळी, पंधरा मिनिटे पाहावे आणि काही दिसले नाही तर शून्य लिहावे, कारण शून्ये गाळलेल्या वहीवरून ऋतूचा चढउतार कळत नाही. फुलपाखरांच्या रकान्याशेजारी कुरतडलेल्या पानांचा दुसरा रकाना आखावा. मे महिन्यात दोन्ही बहुधा रिकामे राहतात. मृगाचा पाऊस पडून गोडनिंबाला पालवी फुटली की आधी दुसरा रकाना भरू लागतो, आणि त्यानंतर साधारण तीन आठवड्यांनी पहिला.