नवरा एका गावी, बायको दुसऱ्या गावी: दोन घरांची घरपट्टी कशी सांभाळायची

"राशनकार्ड एकच आहे आमचं, मग दोन्हीकडं टॅक्स काऊन भरायचा?" दर मार्चमध्ये कोणी ना कोणी मले हे विचारतेच. आमच्या इकडे अशी जोडपी आता गावोगाव आहेत, नवरा शेती पाहते, बायको झेडपीच्या शाळेत नाहीतर आरोग्य केंद्रात, तिचं बिऱ्हाड तालुक्याच्या गावी, शनिवारी संध्याकाळी येणं अन् सोमवारी पहिल्या एसटीनं जाणं. आमचंही तसंच. मी यवतमाळ जिल्ह्यात खेड्यावर, घरची दुसऱ्या जिल्ह्यात मास्तरीण. चुका करत करत जे समजलं ते लिहून ठेवतो, कोणाच्या तरी कामी पडन.

पहिली गोष्ट, घरपट्टी जोडप्यावर बसत नाही, घरावर बसते. घरात चार माणसं राहोत की एक म्हातारी, आकारणी तीच. आपल्याकडं माणसं मोजत नाहीत, जागा मोजतात. म्हणून घरं दोन तर बिलं दोन, अन् घराले कुलूप आहे म्हणून बिल आपोआप थांबत नाही.

आता करायचं काय? दोन्ही घरांचा कागद हातात घ्यायचा. खेड्यातल्या घरासाठी तो कागद म्हणजे नमुना ८ चा उतारा, ग्रामपंचायतीची कर आकारणी यादी. सेवा हक्क कायद्याखाली तो २० रुपयात ५ दिवसात मिळाले पाहिजे, ग्रामपंचायतीतल्या आपले सरकार सेवा केंद्रातून घेता येते. उतारा घेतला की घडी घालून खिशात नका टाकू, तिथंच उभं राहून वाचा. मालकाचं नाव, भोगवटादाराचं म्हणजे तिथं प्रत्यक्ष राहते त्याचं नाव, बांधकाम कशाचं, लांबी-रुंदी किती, वापर राहण्याचा की दुकानाचा, एकेक रकाना बोट ठेवून वाचा.

हे का म्हणतो, तर माझ्या घराचं सांगतो. मागच्या बाजूच्या दोन मातीच्या खोल्या पावसात बसल्या, कवेलू सुद्धा आम्ही उचलून ठेवले, तिथं आता बैल बांधतो. यादीत मात्र त्या खोल्या उभ्याच, अन् समोरची टिनाची पडवी स्लॅबची म्हणून चढवलेली. चार-पाच वर्षं मी मुकाट्यानं पैसे भरत राहिलो कारण बिलावर नुसती रक्कम असते, खोल्या दिसत नाहीत. घरचीनं उन्हाळ्याच्या सुट्टीत उतारा काढला तेव्हा तिच्याच लक्षात आलं. मोजटेप घेऊन आम्ही दोघांनी अंगण धरून सगळं मोजलं, वहीत मांडलं अन् अर्ज दिला.

फरक मोठा पडते कारण २०१५ च्या शेवटी नियम बदलले अन् तेव्हापासून घरपट्टी भांडवली मूल्यावर, म्हणजे घर-जागेच्या किमतीवर निघते. जागेचं क्षेत्र आणि रेडीरेकनरचा म्हणजे सरकारनं ठरवलेला जमिनीचा दर, त्यात बांधकामाचं क्षेत्र आणि त्या प्रकारच्या बांधकामाचा दर, घर जितकं जुनं तितका घसारा वजा, अन् वापराचा भारांक, म्हणजे राहण्याचं की दुकानाचं त्यावरून गुणायचा आकडा. म्हणजे मातीचं घर स्लॅब म्हणून लिहलं, नाहीतर बांधल्याचं वर्ष चुकलं, तर दरवर्षी जास्तीचे पैसे जातात. समोरच्या खोलीत किराणा होता अन् तो बंद होऊन जमाना झाला तरी वापर दुकानाचाच लिहलेला असते, तेही तपासा.

अर्ज साध्या कागदावर चालते. घर क्रमांक, काय चुकलं, खरं काय आहे, सोबत मोजमाप अन् फोटो. दोन प्रती करा, एकीवर शिक्का-सही अन् तारखेची पोच घ्या, पोच घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही. ग्रामसेवकांच्या पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालं, अर्जावर तसं लिहलं तर बरं. आकारणी दर चार वर्षांनी सुधारतात, तेव्हा यादी लावून हरकती मागवतात, तो काळ सोडू नका. तुमची बायको बाहेरगावी अन् घर तिच्या नावावर असन तर ती नोटीस तिच्यापर्यंत पोहोचतच नाही, फळ्यावर लागते अन् वाळून जाते. म्हणून गावात जो राहते त्यानं फळ्याचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचा. ऐकलं नाही तर पंचायत समितीकडे अपील करता येते, त्यावर झेडपीच्या स्थायी समितीकडे.

नावाचं प्रकरण मले सगळ्यात महत्त्वाचं वाटते. २० नोव्हेंबर २००३ चं ग्रामविकास विभागाचं परिपत्रक आहे, ग्रामपंचायतीच्या दप्तरी घर नवरा-बायको दोघांच्या नावे लावा म्हणून. वीस वर्षं उलटून गेली तरी कितीतरी घरं अजून एकट्या नवऱ्याच्या नाहीतर मेलेल्या सासऱ्याच्या नावावर आहेत. भाऊ, घर बायकोचंही आहे, तिचं नाव लावा. अर्ज द्या, सोबत दोघांचं आधार. अन् ताई, नवऱ्यापासून वेगळ्या राहत असान किंवा नवरा वारला असन तर हे पहिले करा. आमच्या भागात नवरा गेल्यावर घर सासऱ्याच्या नावावर म्हणून बाईले "तुझं इथं काय" असं ऐकवलेलं मी स्वतः पाहिलं आहे. नवऱ्याच्या नावावर घर असन तर वारस नोंदीचा अर्ज मृत्यू दाखल्यासोबत द्या, अन् जोवर ते होत नाही तोवर निदान भोगवटादार म्हणून तुमचं नाव चढवा, पावती तुमच्या नावानं फाडून घ्या. एक ध्यानात ठेवा, नमुना ८ मालकी हक्काचा पुरावा नव्हे, तो कराचा कागद आहे. गावठाणाची स्वामित्व योजनेत मोजणी झाली असन तर मालमत्ता पत्रकातही नाव बरोबर आहे का पाहून घ्या. पण राहण्याचा अन् कब्जाचा कागद म्हणून उतारा अन् पावत्या फार कामी येतात.

तालुक्याचं घर नगरपरिषदेत नाहीतर नगरपंचायतीत असन तर कायदाच वेगळा, १९६५ चा नगरपरिषदांचा. खेड्यातल्या पावत्या तिथं दाखवून उपयोग नाही. तिथं थकबाकीवर महिन्याले २ टक्के शास्ती म्हणजे दंड लागते, वर्षभर विसरलं की चांगलाच बोजा होते, म्हणून ते बिल थकू देऊ नका. घर भाड्याचं असन तर करारात सरळ लिहून घ्या, मालमत्ता कर मालकाकडे, पाणीपट्टी कोणाकडे. नुसतं तोंडी ठेवलं की खोली सोडताना डिपॉझिटवरून भांडण होते.

ग्रामपंचायतीत उलट सूट आहे. ३० सप्टेंबरच्या आत भरलं तर ५ टक्के कमी, वर्ष संपलं तरी नाही भरलं तर ५ टक्के जास्त. आमच्याकडे सप्टेंबरात हातात पैसा नसते, सोयाबीन अजून शेतात, कापूस तर दूरच. आम्ही म्हणून गावची घरपट्टी घरचीच्या पगारातून ऑगस्टमध्येच भरतो अन् तिच्या घराचं बिल कापूस विकल्यावर मी देतो. दोन घरं असण्याचा एवढा फायदा घ्या. बिलात दिवाबत्ती, आरोग्य, पाणीपट्टी हेही असते. बंद घरात खाजगी नळ असन तर तो बंद करायचा अर्ज द्या, नाहीतर नळाची पाणीपट्टी चढतच राहते. कोणी माजी सैनिक असन तर घरपट्टीची माफी एकाच घराले मिळते, जास्त टॅक्सचं घर कोणतं ते पाहून अर्ज करा. अन् एक घर भाड्यानं दिलं असन तर मालकानं त्या वर्षी खरोखर भरलेला टॅक्स इन्कम टॅक्समध्ये भाड्यातून वजा होते, पावती जपा.

आता निवडणुकीचं, कारण इथं भल्याभल्यांचे फॉर्म उडतात. ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायांसाठी, गावोगाव बाया उभ्या राहून राहिल्या. ग्रामपंचायत कायद्याचं कलम १४ म्हणते की बिल बजावल्यापासून तीन महिन्यात कर नाही भरला तर माणूस अपात्र. अन् पुढं असं आहे की एकत्र कुटुंबातल्या एकानं नाही भरला तरी सगळे अपात्र धरतात. म्हणजे बायको बाहेरगावी राहते, तिच्या घराचा टॅक्स चोख भरलेला, पण गावात नवऱ्याची बाकी आहे तर तिची उमेदवारी अडचणीत येते. आपण तर वेगळे राहतो ना, असं म्हणून भागत नाही. नामनिर्देशनाच्या ठरलेल्या दिवसाआधी बाकी भरली तर अपात्र होत नाही, म्हणून छाननीची वाट न पाहता दोघांच्या, सासू-सासऱ्यांच्याही नावची सगळी बाकी आधीच भरा अन् येणे बाकी नसल्याचा दाखला घ्या, तोही २० रुपयात ५ दिवसात मिळते. राहत्या घरी संडास असल्याचा दाखलाही लागते.

पैसे दिले की पावती नमुना १० ची घ्या, कच्च्या चिठ्ठीवर नका जाऊ. पावतीवर मागील बाकी अन् चालू वर्ष वेगवेगळं लिहलेलं आहे का पहा. आमच्या एका पावतीवर चालू वर्षाचे पैसे मागच्या बाकीत टाकले होते अन् मार्चमध्ये पुन्हा मागणी आली, जुनी पावती घरचीच्या पेटीत सापडली म्हणून निभलं. तेव्हापासून आम्ही दोघांकडं दोन फायली ठेवतो, दोन्ही घरांच्या सगळ्या पावत्यांची झेरॉक्स दोन्हीकडं.