ॲग्नेस पॉकेल्सचा प्रयोग घरच्या केक टिनमध्ये कसा करायचा

भांडी घासताना पाण्यावरचा तेलकट तवंग आपण रोजच बघतो, पण त्याने पाण्याच्या पृष्ठभागाचा ताण किती कमी होतो हे मोजायचं सुचलं जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या एका मुलीला. ॲग्नेस पॉकेल्स, जन्म १८६२. मुलींना तेव्हा तिकडे युनिव्हर्सिटीत घेत नसत, मग भाऊ फिजिक्स शिकायला गेला त्याच्याकडून पुस्तकं मागवायची, घरकाम करायचं, आजारी आईवडलांचं बघायचं आणि मधल्या वेळात प्रयोग.

तिचा टिनचा ट्रे ७० सेंमी लांब आणि ५ सेंमी रुंद होता. आपल्याला चौकोनी केक टिन चालतो, परात नको, काठ सरळच हवा. साबण अजिबात राहू द्यायचा नाही, कढत पाण्याने चार-पाच वेळा विसळा आणि मग काठोकाठ भरा, इतकं की पाणी काठाच्या किंचित वर फुगलेलं दिसेल. आता स्टीलची पट्टी आडवी ठेवून या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवायची, वरचा मळ पुढे ढकलला जातो, पट्टी पुसून परत तेच. खरं डोकं इथेच आहे बरं का! पाण्याचा वरचा थर साफही करता येतो आणि हवा तेवढा लहान-मोठाही.

तपासायला चिमूटभर टाल्कम पावडर भुरभुरा आणि बोट टेकवा, पावडर पळाली म्हणजे बोट तेलकट. (मिरपूड सगळे वापरतात, पण मिरीतच तेल असतं.) पावडर पट्टीने काढून टाका.

आता तराजू. खराट्याचा हीर मधोमध दोऱ्याने टांगा, एका टोकाला मागे कडी असलेलं सपाट कोटाचं बटण, दुसऱ्या टोकाला कागदाचा द्रोण, दोन्ही बाजू समतोल करून घ्या. बटण पाण्याला टेकवा आणि द्रोणात एकेक तांदूळ टाकत जा, बटण सुटलं की दाणे मोजा, जितके जास्त दाणे तितका ताण जास्त. पॉकेल्सचं बटण ६ मिमीचं होतं.

मग सुईला तेल लावून टिश्यूने पुसा, उरेल तेवढंच पाण्याला टेकवा, जास्त झालं तर सगळं परत धुवा. पट्टी बटणाच्या दिशेने दोन-दोन सेंमी पुढे आणत दर वेळी दाणे मोजा. सुरुवातीला आकडा जवळपास तोच येतो, स्वच्छ पाण्याएवढा, आणि मग एका जागेनंतर झपकन घसरायला लागतो. जानेवारी १८९१ मध्ये तिने हे सगळं इंग्लंडमधले भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना जर्मनमध्ये लिहून पाठवलं, त्यांच्या बायकोने भाषांतर केलं आणि मार्चमध्ये ते ‘नेचर’ या विज्ञानाच्या नियतकालिकात छापून आलं. ज्या जागेपासून ताण घसरतो तिला पुढे पॉकेल्स पॉइंट नाव पडलं, तिथे तेलाच्या एका रेणूच्या वाट्याला साधारण ०.२ चौरस नॅनोमीटर जागा येते.

ग्राफवर आडवं पट्टीचं अंतर आणि उभे तांदूळ मांडा. माझा ग्राफ तिसऱ्या वेळी वाकला, आधी दोनदा बटण सरळ करायला मीच पाण्यात बोट घातलं होतं.