करन्सी ट्रेडिंगची सुरुवात: आधी येणं-देणं, मग लॉट

गोव्यात परकीय चलन घराघरात येतं. तारवटीचा (जहाजावर काम करणाऱ्याचा) पगार डॉलरमध्ये असतो, पर्वरीतला डिझायनर परदेशी ग्राहकाला डॉलरमध्ये बिल लावतो, फोंड्यातल्या घरातून जर्मनीत शिकणाऱ्या मुलीची युरोतली फी जाते. त्यामुळे करन्सी ट्रेडिंग कसं सुरू करायचं, हा प्रश्न इथे अगदी सहज पडतो.

कायदा मात्र आधी नीट समजून घ्या. भारतात राहणाऱ्या सामान्य माणसाला करन्सी फ्युचर्सचा, म्हणजे पुढच्या तारखेचा भाव आजच ठरवणाऱ्या सौद्याचा, व्यवहार एनएसई, बीएसईसारख्या मान्यताप्राप्त एक्स्चेंजवरच करता येतो. रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2024 मध्ये काढलेला आणि 3 मे 2024 पासून लागू झालेला नियम सांगतो की, रुपयाशी जोडलेल्या चलनात सौदा करायचा तर तुमच्याकडे परकीय चलनातलं खरंखुरं, ठरून गेलेलं येणं किंवा देणं हवं. भाव वर जाईल की खाली, एवढ्याच अंदाजावर सौदा चालत नाही. 10 कोटी डॉलरपर्यंत कागद आधी दाखवायची सक्ती नाही. या सवलतीचा अर्थ ‘काही नसलं तरी चालतं’ असा बरेच जण लावतात आणि तिथेच फसतात. मागितलं तर बिल किंवा करार दाखवता आलाच पाहिजे.

म्हणून पहिलं काम वहीतलं. किती चलन, येणार की जाणार, आणि कोणत्या तारखेला, या तीन गोष्टी लिहून काढा. समजा, पर्वरीच्या डिझायनरचं 6,400 डॉलरचं बिल लागलं आहे आणि पैसे नोव्हेंबरअखेर मिळणार आहेत. तोवर डॉलर घसरला तर त्याच्या हाती रुपये कमी येतील. ही धास्ती घालवायला तो आज डॉलर फ्युचर विकतो. फी भरणाऱ्या पालकाचं उलट: युरो महागला तर खिशाला चाट, म्हणून तो फ्युचर विकत घेतो. चलन येणार असेल तर विक्री, जाणार असेल तर खरेदी. नवखे नेमके इथे गोंधळतात. ‘डॉलर वाढणार आहे’ असं कुठेतरी ऐकून डिझायनरने खरेदी केली तर त्याची जोखीम दुप्पट होते, कारण भाव पडला की बिलातही तोटा आणि सौद्यातही.

खातं उघडायला सेबीकडे नोंदलेला ब्रोकर लागतो. पॅन, आधारला जोडलेला मोबाइल, रद्द केलेला चेक आणि उत्पन्नाचा पुरावा द्यावा लागतो. पुरावा म्हणून सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट किंवा आयकर रिटर्न चालतं. शेअरचं खातं आधीपासून असलं तरी करन्सी डेरिव्हेटिव्ह हा विभाग वेगळा सुरू करून घ्यावा लागतो. त्याच वेळी येणं-देणं असल्याचं घोषणापत्र भरून घेतलं जातं. ते न वाचता टिक करू नका. त्याची जबाबदारी तुमच्यावर येते. जहाजावरच्या दिवसांमुळे अनिवासी ठरणाऱ्या तारवट्यांना नियम वेगळे आहेत, त्यांनी आधी बँकेत विचारावं.

आता लॉट, म्हणजे सौद्याचं ठरलेलं एकक. डॉलर, युरो आणि पौंड यांचा एक लॉट 1,000 चा, येनचा 1,00,000 चा. येनचा भाव 100 येनला किती रुपये असा लिहितात, त्यामुळे भाव एक रुपया हलला की येनच्या लॉटमध्येही फरक 1,000 रुपयांचाच पडतो. भाव कमीत कमी पाव पैशाने, म्हणजे 0.0025 रुपयाने हलतो. एका लॉटमागे अडीच रुपये. आपल्या डिझायनरने सहा लॉट विकावेत आणि वरचे 400 डॉलर उघडे सोडावेत. सातवा लॉट विकला तर त्यातल्या 600 डॉलरच्या सौद्यामागे कोणतंही येणं नसतं.

पहिली ऑर्डर टाकताना स्क्रीनवर दोन भाव दिसतात. समजा घेणाऱ्याचा 90.1475 आणि विकणाऱ्याचा 90.1550. फरक पाऊण पैशाचा, लॉटमागे साडेसात रुपये. असा भाव चालू महिन्याच्या डॉलरमध्ये मिळू शकतो. तीन महिने पुढचं कॉन्ट्रॅक्ट उघडलं की तिथे दहा-दहा पैशांची दरी दिसू शकते, कारण 2024 नंतर या बाजारातली उलाढाल फार आटली आहे. दहा पैसे म्हणजे लॉटमागे 100 रुपये, तेही आत शिरतानाच गेले. म्हणून ऑर्डर नेहमी लिमिटची, म्हणजे आपला भाव स्वतः ठरवलेली, टाका आणि जवळच्या महिन्यात टाका. ऑर्डरचा प्रकारही तपासा. बऱ्याच ॲपवर एनआरएमएल (सौदा पुढच्या दिवसांतही ठेवता येतो) आणि एमआयएस असे दोन पर्याय असतात. एमआयएस हा त्याच दिवसापुरता सौदा. बाजार पाच वाजता बंद व्हायच्या आधी ब्रोकर तो आपोआप कापून टाकतो. तीन महिन्यांचं संरक्षण घेतलं असं समजून माणूस निर्धास्त बसतो आणि खात्यात संध्याकाळी काहीच उरलेलं नसतं.

पैसे किती लागतात? मार्जिन, म्हणजे ब्रोकरकडे ठेवायची अनामत, साधारण सौद्याच्या दोन-तीन टक्के. 90.15 च्या भावाने सहा लॉट म्हणजे 5,40,900 रुपये. अडीच टक्के धरले तर साडेतेरा हजार. पण एवढेच ठेवले तर तुम्ही पहिल्याच आठवड्यात अडचणीत याल. फ्युचरमध्ये नफा-तोटा रोजच्या रोज रोखीने वळता होतो. डॉलर 91.65 वर गेला तर दीड रुपया गुणिले 6,000, म्हणजे 9,000 रुपये खात्यातून जातात. त्याच वेळी बिलाची किंमत 9,600 रुपयांनी वाढलेली असते, पण ते पैसे नोव्हेंबरअखेर येणार. तोटा आज दिसतो, नफा वहीत राहतो. इथे धीर सुटतो, सौदा तोडला जातो, आणि पुढे डॉलर खाली आला की बिलाचं नुकसान उघड्यावर सोसावं लागतं. त्यासाठी मार्जिनशिवाय डॉलर तीन रुपयांनी उलट गेला तर लागतील तेवढे, म्हणजे आणखी 18,000 रुपये वेगळे ठेवा. चवथीच्या बाजारासाठी किंवा घराच्या हप्त्यासाठी ठेवलेल्या पैशांतून ते उचलू नका.

सुट्ट्यांचंही भान ठेवा. 3 डिसेंबरच्या सायबाच्या (सेंट फ्रान्सिस झेवियरच्या) फेस्ताला आणि 19 डिसेंबरच्या मुक्तिदिनाला गोव्यातल्या बँका बंद असतात, पण वार कामकाजाचा असेल तर करन्सी बाजार चालू असू शकतो आणि मार्जिनचा मेसेज त्या दिवशीही येऊ शकतो. आदल्या दिवशीच खात्यात भर टाकलेली बरी.

महिन्याचं कॉन्ट्रॅक्ट शेवटच्या कामकाजाच्या दिवसाच्या दोन कामकाजी दिवस आधी, दुपारी साडेबाराला संपतं. हिशेब त्या दिवसाच्या संदर्भ दरावर, रुपयांतच होतो. डॉलर हातात येत नाहीत आणि जातही नाहीत. पैसे नोव्हेंबरला येणार असतील तर सप्टेंबरचा सौदा संपण्याच्या दोन-तीन दिवस आधी तो बंद करून ऑक्टोबरचा विकायचा, मग तसंच नोव्हेंबरचा. पुढच्या महिन्याचा भाव सहसा थोडा चढा असतो, कारण भारतातलं व्याज अमेरिकेपेक्षा जास्त असतं. विकणाऱ्याला हा फरक मिळतो, विकत घेणाऱ्याला तो मोजावा लागतो. ग्राहकाने पैसे लवकर दिले तर त्याच दिवशी लॉट बंद करा. येणं संपलं की सौद्यालाही आधार उरत नाही.

फी भरणाऱ्या पालकाला शेवटी खरे युरो बँकेतूनच घ्यावे लागतात. तिथे बँक बाजारभावावर आपले किती पैसे वर लावते ते लेखी विचारा. डॉलरसाठी क्लिअरिंग कॉर्पोरेशनचा एफएक्स-रिटेल हा मंच 2019 पासून आहे. तुमच्या बँकेतर्फे नोंदणी केली की बाजारभाव दिसतो आणि बँकेचं शुल्क वेगळं कळतं. डॉलरमधली फी एकदाच भरायची असेल तर फ्युचरच्या भानगडीपेक्षा हा मार्ग कितीतरी सोपा.

टेलिग्राम आणि इन्स्टाग्रामवरून येणाऱ्या परदेशी फॉरेक्स ॲपपासून मात्र चार हात लांब राहा. रिझर्व्ह बँकेने अशा बिगर-अधिकृत मंचांची सावधगिरी यादी सप्टेंबर 2022 पासून प्रसिद्ध केली आहे. यादीत नाव नाही म्हणून ॲप अधिकृत ठरत नाही. परदेशात ट्रेडिंगचं मार्जिन पाठवायला परवानगी नाही, आणि फेमा या परकीय चलनाच्या कायद्यात दंड रकमेच्या तिप्पटपर्यंत जाऊ शकतो. या ॲपवर 1:500 लिव्हरेज (एका रुपयावर पाचशेचा सौदा) मिरवतात. म्हणजे भाव 0.2 टक्के उलट गेला की तुमची सगळी रक्कम साफ. युरो-डॉलरचा भाव एवढा तासाभरातही हलतो. पैसे भरताना यूपीआयवर कुठल्या तरी अनोळखी दुकानाचं किंवा व्यक्तीचं नाव दिसलं तर तिथेच थांबा. काढताना ‘आधी कर भरा’ म्हणाले तर एक रुपयाही भरू नका. अशा ॲपने परत दिलेले पैसे दुसऱ्या फसवणुकीतले निघाले तर तुमचं बँक खातंही गोठवलं जातं. पैसे गेलेच असतील तर लगेच 1930 वर फोन करा आणि रायबंदरच्या सायबर पोलीस ठाण्यात व्यवहाराचे क्रमांक आणि स्क्रीनशॉट घेऊन जा. ॲप फोनमधून काढून टाकू नका, त्यातलं चॅट हाच पुरावा असतो.

एक्स्चेंजवरच्या सौद्यांचा नफा-तोटा व्यवसायाच्या उत्पन्नात दाखवावा लागतो. ब्रोकरची कॉन्ट्रॅक्ट नोट, मूळ बिल आणि बँकेत पैसे जमा झाल्याची नोंद एकाच फाइलमध्ये लावा, आणि प्रत्येक लॉटसमोर तो कुठल्या बिलासाठी घेतला तो क्रमांक लिहा.