बडोद्याच्या पुरावर संशोधन करताय? संगणकावरचं मॉडेल चालवण्याआधी या चुका टाळा

२०१९ आणि २०२४ या दोन पावसाळ्यांनंतर बडोद्यात पुरावर प्रकल्प आणि प्रबंध करणारी मुलं वाढली. त्यात दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या मराठी घरांतली मुलंही आहेत. विषय जिव्हाळ्याचा, मेहनतही भरपूर. तरी बऱ्याच कामांत त्याच त्या चुका दिसतात. चुकीच्या गृहीतावर काढलेला पुराचा नकाशा रंगीत आणि सुबक दिसतो, म्हणून तो खराही वाटतो. पुढे कुणीतरी त्यावर विसंबून जोत्याची उंची ठरवतं. ही धास्ती वाटते म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आलेलं पाणी कुठलं, हे न विचारणं

माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. बडोद्यातल्या रस्त्यावर पाणी तीन वाटांनी येतं. एक, शहरावरच पडलेला पाऊस, जो पावसाळी गटारांना पेलत नाही. दोन, काठ सोडून बाहेर आलेली विश्वामित्री, म्हणजे शहरातून वाहणारी नदी. तीन, गटारातून उलटं वर आलेलं पाणी. नदी चढलेली असते, गटाराचं तोंड तिच्या पाण्याखाली जातं आणि आतलं पाणी बाहेर पडण्याऐवजी मॅनहोलमधून रस्त्यावर येतं.

तिन्हींवरचे उपाय वेगळे. पहिल्यासाठी गटारं आणि तलाव, दुसऱ्यासाठी नदीचं पात्र आणि धरणातून पाणी सोडण्याचं वेळापत्रक, तिसऱ्यासाठी तोंडावर झडप आणि पंप. ३१ जुलै २०१९ ला चोवीस तासांत जवळजवळ ५०० मिलिमीटर पाऊस झाला; तिथे सुरुवात शहरावर कोसळलेल्या पावसाने झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये काळा घोडा पुलाजवळ विश्वामित्रीने ३५ फुटांची पातळी ओलांडली आणि पाऊस थांबल्यावरही वस्त्यांमधलं पाणी हटेना. या दोन घटना एकाच तक्त्यात ‘पूर’ म्हणून टाकल्या आणि त्यांची सरासरी काढली, तर ती सरासरी कशाचीच नसते.

हे ओळखायचं कसं? लोकांना विचारून. पण ‘पाणी किती आलं होतं?’ एवढंच विचारून थांबू नका. ‘काकू, पाणी आधी रस्त्यावरून वाहत आलं, की गटाराच्या झाकणातून वर आलं? तेव्हा पाऊस पडत होता का? पाणी गढूळ होतं की काळं?’ असं विचारा. पाऊस थांबल्यावर काही तासांनी झाकणातून काळं पाणी वर आलं असेल, तर आधी नदीच्या पातळीकडे बघा. पावसाच्या तीव्रतेवर आठवडे घालवू नका. काकूंशी मराठीत बोला, शेजारच्या बेनशी गुजरातीत. इंग्रजी प्रश्नावली पुढे केली की माणसं ‘होय, नाही’ एवढंच सांगून मोकळी होतात.

भिंतीवरच्या पाण्याच्या खुणा ऑटो लेव्हलने (उंची मोजायच्या दुर्बिणीने) मोजून घ्या, घर रंगवायच्या आत. फोटो मागाल तर मूळ मागा. व्हॉट्सॲपवर फिरत आलेल्या फोटोत काढल्याची वेळ राहत नाही, आणि आपल्याला उंचीइतकीच वेळही हवी असते.

गटाराचं तोंड कायम मोकळं आहे असं धरणं

एसडब्ल्यूएमएमसारख्या, गटारांतल्या पाण्याचं मॉडेल करणाऱ्या संगणक प्रणालीत शेवटच्या टोकाला, म्हणजे आउटफॉलला, मुळात ‘फ्री’, म्हणजे मोकळं तोंड, हा प्रकार लावलेला असतो. तो तसाच राहू दिला तर विश्वामित्री कितीही चढो, तुमच्या मॉडेलमधलं गटार खुशाल रिकामं होत राहतं. मग निष्कर्ष निघतो की गटारांची क्षमता पुरेशी आहे, रहिवाशांचाच काहीतरी गैरसमज आहे. हा निष्कर्ष त्या रहिवाशांवर अन्याय करतो.

आउटफॉलला नदीच्या पातळीची वेळेनुसार नोंद जोडा. पाणी वाहण्याची गणितपद्धत ‘डायनॅमिक वेव्ह’ निवडा. ‘कायनेमॅटिक वेव्ह’ला उलटं येणारं पाणी समजतच नाही. झडप बसवलेली असेल तर ती जागेवर जाऊन पाहा. कचऱ्यात अडकून अर्धी उघडी राहिलेली झडप कागदावर मात्र चालू असते.

इथेच आणखी एक खड्डा आहे. मॅनहोलमधून वर आलेलं पाणी एसडब्ल्यूएमएम साध्या मांडणीत हिशोबातूनच काढून टाकतं. ‘पाँडिंग’ची, म्हणजे पाणी साचू देण्याची, परवानगी दिली तर ते त्याच जागी साठतं आणि त्याच मॅनहोलमध्ये परत उतरतं. प्रत्यक्षात ते रस्त्याच्या उताराने पुढच्या सोसायटीत शिरतं. म्हणून रस्ता हाच दुसरा नाला म्हणून मांडा, किंवा वरचा भाग हेक-राससारख्या द्विमितीय, म्हणजे जमिनीवर सगळ्या दिशांना पसरणारं पाणी दाखवणाऱ्या मॉडेलमध्ये घ्या. पाण्याच्या हिशोबातली चूक (आत आलेलं पाणी आणि बाहेर गेलेलं व साठलेलं पाणी यांतली तफावत) दहा टक्क्यांच्या वर गेली तर निकाल वापरू नका. आधी कालांतर (मॉडेल किती सेकंदांच्या टप्प्याने गणित करतं ते) कमी करून पाहा, मग फार आखूड पाइप आणि चुकीच्या इन्व्हर्ट लेव्हल, म्हणजे पाइपच्या तळाच्या पातळ्या, शोधा.

दिवसाच्या पावसावर गटाराचा आकार काढणं

चोवीस तासांत १०० मिलिमीटर, म्हणजे तासाला साधारण ४? हे गणित गटाराच्या कामाचं नाही. छोट्या वस्तीतलं पाणी गटाराच्या तोंडाशी गोळा व्हायला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. तेवढ्याच वेळातला सगळ्यात जोरदार पाऊस लागतो. १०० हेक्टर क्षेत्र, तासाला ५० मिलिमीटरची तीव्रता आणि वाहून जाण्याचा गुणांक (पडलेल्या पावसापैकी वाहून जाणारा हिस्सा) ०.८ धरला, तर रॅशनल पद्धतीने, म्हणजे या तिन्हींच्या गुणाकाराने, सेकंदाला सुमारे ११ घनमीटर पाणी येतं. गुणांक ०.४ धरला की ते साडेपाचवर उतरतं. हा गुणांक जुन्या पुस्तकातून उचलण्याचा मोह टाळा. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या २०१० च्या शहरी पूरविषयक मार्गदर्शिकेने नव्या गटारांसाठी तो ०.९५ पर्यंत धरायला सांगितलं आहे. पेव्हर ब्लॉक, काँक्रीटचे रस्ते आणि पार्किंगची अंगणं पाहिली की कारण कळतं.

त्याच मार्गदर्शिकेत दर ४ चौरस किलोमीटरला एक स्वयंचलित पर्जन्यमापक असावा असंही म्हटलं आहे. एकाच मापकाचा आकडा समा ते वडसर, म्हणजे शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळीकडे लावण्याआधी हे आठवावं.

शहराच्या हद्दीवर नदी कापणं

विश्वामित्री पावागडच्या डोंगरात उगम पावते. शहराच्या पूर्वेला, वीसेक किलोमीटरवर, सयाजीराव गायकवाडांच्या काळात बांधलेला आजवा तलाव आहे. तिथून सुटलेलं पाणी शहरात पोहोचायला काही तास घेतं. सूर्या आणि जांबुवा या नद्या विश्वामित्रीला मिळतात, आणि खाली ती स्वतः ढाढर नदीला मिळते. ढाढर भरून वाहत असली तर विश्वामित्रीचं पाणी उतरायला वेळ लागतो. म्हणून मॉडेलची खालची सीमा महानगरपालिकेच्या रेषेवर ठेवू नका, संगमाच्या पलीकडे न्या.

पातळ्या जोडताना जपा. आजव्याची पातळी दोनशे दहा-बारा फूट अशी सांगतात आणि काळा घोड्याची वीस, तीस फूट. दोन्ही आकडे फुटांत असले तरी दोन्हींचं शून्य वेगळं आहे. सगळं समुद्रसपाटीपासूनच्या मीटरमध्ये आणल्याशिवाय एकातून दुसरा वजा करू नका.

उपग्रहाच्या उंचीवर डोळे मिटून विश्वास

एसआरटीएमचा (अवकाशातून रडारने मोजलेला) ३० मीटर चौकटीचा उंचीनकाशा फुकट मिळतो आणि डोंगराळ खोऱ्यासाठी चालतो. बडोदा सपाट आहे. इथे अर्ध्या मीटरने कोरडी गल्ली आणि बुडालेली गल्ली ठरते, तर या नकाशातली चूक काही मीटरची असू शकते. शिवाय त्यात झाडांचे शेंडे आणि गच्च्यासुद्धा जमीन म्हणून येतात. विश्वामित्रीची कोतरं, म्हणजे काठच्या घळी, अरुंद आणि खोल आहेत. एका चौकटीत काठ आणि तळ मिसळून जातात आणि नदी उथळ दिसते. पात्राचे छेद प्रत्यक्ष मोजूनच घ्या. मोजायला उतरताना वनविभागाला कळवा आणि एकटे जाऊ नका. या नदीत मगरी आहेत, आणि काठ त्यांच्याही अंड्यांची जागा आहे.

या कोतरांबद्दल मला फार वाटतं. अनेक अहवालांत त्यांना ‘पडीक जमीन’ लिहिलेलं असतं. पुराचं पाणी काही काळ तिथे थांबतं. ती भरून सपाट केली की तेवढंच पाणी कुणाच्या तरी तळमजल्यावर जातं. मॉडेलमध्ये कोतरं भरलेली आणि न भरलेली अशा दोन्ही मांडण्या चालवून पातळीतला फरक दाखवा. कुठल्याही भाषणापेक्षा तो आकडा उपयोगी पडेल.

नकाशातली कांस आणि जमिनीवरची कांस

कांस म्हणजे पावसाळी नाला; भूखी कांस, रूपारेल कांस यांच्या रेषा नकाशावर अखंड असतात. चालत गेलं की कळतं: कुठे स्लॅबखाली, कुठे मधूनच पाण्याची पाइपलाइन आडवी, कुठे वरच्या बाजूला रुंद पेटी आणि खाली अरुंद पाइप. नाल्याची वहनक्षमता त्याच्या सगळ्यात अरुंद जागेवर ठरते, म्हणून तिथलंच माप टेपने घ्या. उन्हाळ्यात, पावसाचा थेंब नसताना पावसाळी गटार वाहत असेल तर त्यात सांडपाणी जोडलेलं आहे. म्हणजे पाऊस सुरू होण्याआधीच त्याची काही जागा भरलेली आहे. मॉडेलमध्ये तो कोरड्या दिवसांचा प्रवाह घाला, आणि तळात साचलेल्या गाळाची जाडीही.

‘शंभर वर्षांतून एकदा’

याचा अर्थ पुढची नव्याण्णव वर्षं निश्चिंत असा होत नाही. दर वर्षी एक टक्का शक्यता, म्हणजे तीस वर्षं त्या घरात राहणाऱ्या कुटुंबासाठी सुमारे २६ टक्के. अहवालात हा दुसरा आकडा लिहा. गृहकर्ज काढणाऱ्या माणसाला तोच समजतो. आणि हाताशी पंचवीस-तीस वर्षांच्याच नोंदी असतील तर शंभर वर्षांचा आकडा एकेरी देऊ नका, खालची आणि वरची मर्यादा सोबत द्या.

मॉडेल २०१९ वर जुळवलं असेल तर २०२४ वर तपासा. दोन्ही पूर वेगळ्या वाटेने आले, त्यामुळे ही परीक्षा कठीण आहे, आणि म्हणूनच ती घ्यावी. जुळलं नाही तर गुणांक ओढूनताणून बसवण्याआधी आउटफॉलच्या पातळ्या पुन्हा बघा; बहुतेक वेळा गडबड तिथेच सापडते.