‘हाल्ब आख्ट’ म्हणजे साडेसात: जर्मनीतल्या नोकरीचा पहिला दिवस

रविवारी सकाळी कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी हल्ली जर्मनीला नोकरीसाठी जाऊ पाहणारी दोन-तीन मुलंमुली येऊन बसतात. कुणी शिरोलीला फौंड्रीत, म्हणजे धातू ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्यात, कामाला आहे, कुणाचं इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष आहे. बहुतेकांचे प्रश्न व्हिसाचे आणि पगाराचे. "ताई, पहिल्या दिवशी तिथं काय होतं?" असं क्वचितच कुणी विचारतं. माझी सगळ्यात मोठी चूक त्याच दिवशी झाली, म्हणून हे लिहून ठेवते.

मी 2 जानेवारी 2019 ला श्टुटगार्टजवळच्या एका लहान गावातल्या फौंड्रीत रुजू झाले. काम क्वालिटीचं: साच्याच्या वाळूच्या चाचण्या घ्यायच्या आणि कास्टिंग (ओतलेले भाग) रिजेक्ट का झाले त्याची कारणं शोधायची. आमच्या आप्पांचं उद्यमनगरात पॅटर्नचं, म्हणजे ज्यावरून वाळूचा साचा बनतो त्या नमुन्यांचं, शॉप आहे, त्यामुळे साचा, कोअर (भागात पोकळी ठेवणारा गाभा), भट्टी हे शब्द मी शाळेत जायच्या आधीपासून ऐकलेले. राजारामपुरीत क्लास लावून जर्मनची ए-टूची, म्हणजे प्राथमिक पातळीची, परीक्षा दिली होती. महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये बसले तेव्हा तयारी पूर्ण आहे अशी माझी खात्री होती.

आधी कागदांचं सांगते, कारण पहिल्या दिवसाचे पहिले दोन तास त्यातच जातात. आपल्या पासपोर्टवर नावाच्या रकान्यात बहुतेकदा स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र असतं. तिथं ते दोन्ही मिळून तुमचं पहिलं नाव धरलं जातं. माझ्या विमा कार्डावर, पगाराच्या कागदावर, सगळीकडे आप्पांचं नाव माझ्या नावाला चिकटून आलं. त्यात बिघडत काही नाही, पण प्रत्येक कागदावर स्पेलिंग एकच हवं. बारावीच्या सर्टिफिकेटवर एक आणि पासपोर्टवर दुसरं असेल, तर ते इथं कोल्हापुरात असतानाच निस्तरा.

राहायला गेल्यापासून 14 दिवसांत तिथल्या नगरपालिकेत पत्त्याची नोंदणी करावी लागते. तिला ‘आनमेल्डुंग’ म्हणतात आणि त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. नोंदणी झाली की 11 आकडी कर क्रमांक पोस्टानं घरी येतो. ऑफिसला तो लागतो. वेळेत दिला नाही तर कर सहाव्या वर्गानं, म्हणजे सगळ्यात जास्त दरानं कापला जाऊ शकतो. जास्तीचे पैसे पुढं परत मिळतात, पण पहिल्याच महिन्यात तेवढी ओढ नको. आता यातली मेख: तिथं पत्त्यात फ्लॅट नंबर सहसा नसतो, पोस्टमन टपालपेटीवरचं नाव बघून पत्र टाकतो. पेटीवर तुमचं नाव नसेल तर पत्र परत जातं. घराची किल्ली मिळाली की बॅग उघडायच्या आधी पेटीवर नावाची चिठ्ठी लावा.

पैशाचंही थोडक्यात सांगते. पगार महिना संपताना मिळतो आणि घराचं डिपॉझिट तीन महिन्यांच्या मूळ भाड्याएवढं मागता येतं. तेवढी सोय इथूनच करून न्या. ऑफर लेटरवरचा आकडा हातात येत नाही. त्यातून कर जातो आणि विमा-पेन्शनचा तुमचा वाटा जातो. पेन्शनचा हप्ता 18.6 टक्के, त्यातला निम्मा तुमचा, निम्मा कंपनीचा.

आता तो दिवस. आठला बोलावलं होतं, मी पावणेआठला गेटवर. बाहेर अजून उजाडलं नव्हतं, आणि कोल्हापुरात तेव्हा सव्वाबारा वाजून आई जेवणाच्या तयारीला लागली असणार. हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक असतो, उन्हाळ्यात साडेतीन. सह्या झाल्या, सेफ्टी बूट मिळाले, सुरक्षिततेची माहिती दिली गेली. माहिती देणारे गृहस्थ भरभर बोलत होते. मला निम्मं कळलं. शेवटी त्यांनी "सगळं समजलं?" असं विचारलं, मी "या, या" म्हणून मान हलवली आणि सही केली. वितळलेल्या लोखंडाच्या शेजारी काम करायचं, आणि मी न समजता सही केली. आज आठवलं तरी अंगावर काटा येतो.

क्लासमध्ये हॉटेल, स्टेशन, डॉक्टर यांची भाषा शिकवतात. शॉप फ्लोअरची शिकवत नाहीत. फौंड्रीला ‘गीसेराय’, पॅटर्नला ‘मोडेल’, कोअरला ‘केर्न’, श्रिंकेज पडलं, म्हणजे धातू आकसून पोकळी राहिली, तर ‘लुंकर’, रिजेक्शनला ‘आउसशुस’. हे शब्द मला तिथं जाऊन कळले. तुमचं काम जे असेल त्यातले पन्नास-साठ शब्द तरी इथूनच पाठ करून जा. व्याकरण चुकलं तर समोरचा सावरून घेतो, पण कामाचा शब्दच ठाऊक नसेल तर दोघंही अडकतात.

दुपारी मोल्डिंग लाइन दाखवायला एक वयस्कर कारागीर बरोबर आले. बेल्टवरून येणाऱ्या वाळूतली मूठभर वाळू मी सवयीनं उचलली. मूठ आवळली, उघडली, बोटांचे ठसे नीट उमटलेत का ते पाहिलं आणि गोळा मधोमध मोडला. कड धारदार तुटली म्हणजे वाळू बांधून आहे, भुगा झाला म्हणजे ओल कमी. आप्पांबरोबर फौंड्र्यांत जायचे तेव्हा मी हे शिकले होते. त्या कारागिरांनी काही न बोलता स्वतःही मूठ भरली, तसाच गोळा मोडला आणि माझ्यापुढं धरला. "गूट," म्हणाले. दिवसभरात पहिल्यांदा मला मोकळा श्वास घेता आला. ज्यांना "माझी भाषा कच्ची आहे, तिथं माझं कसं होणार" अशी धास्ती आहे त्यांना हे मुद्दाम सांगते. हाताला काम येत असेल तर ते लोक ते ओळखतात.

जेवणाची सुट्टी पावणेबाराला. त्या वेळी वाटेत भेटणारा प्रत्येक जण ‘माल्त्साइट’ म्हणतो. आपणही तेच म्हणायचं, की झालं. सकाळी मात्र प्रत्येक टेबलापाशी जाऊन हात मिळवा आणि नाव सांगा. तू-तुम्हीचा प्रश्न आपल्याला जड जात नाही, आपल्या भाषेत तो आहेच. ‘झी’ने, म्हणजे तुम्हीने, सुरुवात करा, ‘डू’, म्हणजे तू, म्हणायला मोठ्यांनी सांगू द्या.

संध्याकाळी निघताना आमचे साहेब म्हणाले, उद्या रिजेक्शनची मीटिंग, "हाल्ब आख्ट". हाल्ब म्हणजे अर्धा, आख्ट म्हणजे आठ. माझ्या डोक्यात साडेआठ बसलं. मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी आठ वाजून वीस मिनिटांनी, दहा मिनिटं आधी पोचले या समाधानात, मी खोलीत शिरले तर टेबल रिकामं आणि फळ्यावर सगळं लिहून झालेलं. ‘हाल्ब आख्ट’ म्हणजे आठच्या दिशेनं अर्धा तास, साडेसात. क्लासमध्ये हे शिकवलं होतं, वहीत लिहिलंही होतं. ऐन वेळी आठवलं नाही.

साहेब रागावले नाहीत. त्यांनी शांतपणे एवढंच विचारलं, "काल तुम्हाला समजलं नव्हतं, तर तुम्ही हो का म्हणालात?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आपल्याकडं मोठं माणूस बोलत असताना मान हलवणं हा मान राखण्याचा भाग असतो. ‘ऐकतेय’ एवढाच त्याचा अर्थ. तिथं त्याचा अर्थ ‘समजलं आणि मी ते करणार’ असा होतो. त्या दिवशी दुपारी मी त्या सुरक्षिततेवाल्या गृहस्थांकडं गेले आणि माहिती पुन्हा सावकाश सांगा, अशी विनंती केली. त्यांनी खुर्ची ओढून चाळीस मिनिटं समजावलं. कपाळावर एक आठी नाही.

म्हणून घरी येणाऱ्या प्रत्येकाकडून मी एक वाक्य घोटून घेते: "इष हाबे दास निष्ट फेरश्टांडन", मला हे समजलं नाही. पहिल्या आठवड्यात हे वीस वेळा म्हटलं तरी कुणाला काही वाटत नाही, तुम्ही नवीन आहात. तेच सहा महिन्यांनी म्हणालात तर इतके दिवस काय करत होता, असा प्रश्न येतो. वेळ ऐकली की ती आकड्यांत, 07:30 अशी कागदावर लिहून समोरच्याला दाखवा. बाकीचे आकडे आपल्याला सोपे जातात बरं का. एकवीस म्हणताना आपण आधी एक मग वीस म्हणतो, जर्मनही तसंच म्हणतात.

सुरुवातीचे साधारण सहा महिने प्रोबेशनचे असतात. त्या काळात दोन्ही बाजूंना दोन आठवड्यांच्या नोटिशीवर नोकरी संपवता येते. आजारी पडलात तर कामाची वेळ सुरू व्हायच्या आधी कळवा, दुपारी नको.

नवीन माणसानं काही दिवसांत सगळ्यांना काहीतरी खायला आणायचं, ही तिकडची रीत. पेढे, बर्फी नेऊ नका. युरोपात बाहेरून सामानातून दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. मी आईनं दिलेल्या तिळाच्या वड्या राखून ठेवल्या होत्या. 15 तारखेला संक्रांत होती, तेव्हा डबा कॉफीच्या मशीनजवळ ठेवला आणि शेजारी चिठ्ठी लावली: तीळ, शेंगदाणे, गूळ, वेलची. ॲलर्जीमुळे ही चिठ्ठी फार महत्त्वाची, विसरू नका. चिठ्ठीवर जर्मन शब्द बरोबर आहेत का, हे मी त्या मूठभर वाळूवाल्या कारागिरांना आधी विचारलं होतं. शेंगदाण्याचं स्पेलिंग चुकलं होतं. त्यांनी खिशातलं पेन काढून दुरुस्त केलं आणि पहिली वडी त्यांनीच उचलली.