प्रतिपिंडाचा एकेक रेणू पाहताना या चुका टाळा

अतिसूक्ष्म सुईने पृष्ठभाग चाचपून प्रतिमा काढणाऱ्या अणुबल सूक्ष्मदर्शकाखाली, म्हणजे एएफएमखाली, प्रतिपिंडाच्या (रोगजंतूंना ओळखून चिकटणाऱ्या प्रथिनाच्या) सुट्या रेणूच्या तीन पाकळ्या स्पष्ट दिसतील या आशेने आमचे विद्यार्थी सांगलीत नमुना तयार करून पुण्याला जातात आणि पुष्कळदा नुसत्या गोल ठिपक्यांच्या प्रतिमा घेऊन परततात. बिघाड बहुधा यंत्रात नसतो, नमुन्यात असतो.

पहिली चूक बाटलीवरचे लेबल न वाचण्याची आहे. विकत मिळणारे प्रतिपिंड टिकावे म्हणून त्यात अनेकदा गोवंशीय अल्ब्युमिन हे दुसरे प्रथिन मिसळलेले असते, आणि त्याचे प्रमाण कित्येकदा प्रतिपिंडाहून अधिक असते. आम्ही एकदा दोन दिवस ठिपक्यांची उंची मोजत बसलो होतो. ते सारे ६६ किलोडाल्टनचे (किलोडाल्टन हे रेणूच्या वस्तुमानाचे एकक) अल्ब्युमिन होते, १५० किलोडाल्टनचे आयजीजी, म्हणजे आम्हाला हवे असलेले प्रतिपिंड, त्यात क्वचितच होते. म्हणून अल्ब्युमिनविरहित प्रतिपिंडच मागवावे.

नमुना ज्या सपाट अभ्रकावर ठेवायचा, त्याचा वरचा पापुद्रा चिकटपट्टीने काढल्यावर पट्टी उजेडात धरून पाहावी. तिच्यावर अखंड थर आलेला नसेल, तर पुन्हा सोलावे. मूळ द्रावण पातळ करून दर मिलिलिटरला १ मायक्रोग्रॅमच्या आसपास आणावे, अन्यथा रेणू एकमेकांवर चढतात. थेंब काही मिनिटे ठेवून अतिशुद्ध पाण्याने हलके धुतला नाही, तर बफरमधील (आम्लता स्थिर राखणाऱ्या द्रावणातील) मिठाचे स्फटिक जेमतेम काही नॅनोमीटर उंचीच्या रेणूंना झाकून टाकतात. कृष्णाकाठच्या पावसाळी हवेत अभ्रकावर ओलाव्याचा थर धरतो आणि सुई चिकटते, त्यामुळे नमुना सिलिका जेलच्या डब्यातूनच न्यावा.

प्रतिमा वाचताना रुंदीवर विसंबू नये. सुईच्या टोकाची त्रिज्या सुमारे १० नॅनोमीटर आणि रेणू जवळपास १५ नॅनोमीटरचा, त्यामुळे तो प्रत्यक्षाहून रुंद दिसणारच. उंची अधिक भरवशाची असते, मात्र सुईच्या दाबाने आणि वाळण्याने तीही कमी भरते. सगळे रेणू एकाच दिशेला झुकलेले दिसले, तर सुई तुटल्याची शंका घ्यावी. अशा वेळी केवळ स्कॅनचा कोन बदलून भागत नाही, कारण सुई आणि नमुना दोन्ही जागच्या जागीच राहतात. अभ्रकाचा तुकडाच ९० अंशांनी फिरवावा. रेणूंचा कल तुकड्याबरोबर फिरला, तर तो खरा. पूर्वीच्याच दिशेला राहिला, तर तो सुईचा ठसा.

आयजीजीचा बिजागरीसारखा भाग लवचीक असल्याने प्रत्येक रेणू इंग्रजी 'वाय'सारखा दिसत नाही, म्हणून केवळ सुबक आकृत्या वेचून मोजू नयेत. वाकडे आणि मिटलेले रेणूही नोंदवहीत तितक्याच काळजीने टिपावेत.