कॅल्क्युलेटरवर बसतो, गाडीत घासतो: अलॉय-टायरची साइज तपासताना या चुका टाळा

अलॉय आणि रुंद टायर घेण्याआधी मोबाईलवर टायर-साइजचा कॅल्क्युलेटर उघडून साइज तपासणं ही चांगली सवय आहे. "बसतंय की, काय हुत नाही" एवढ्या बोलण्यावर हजारो रुपये मोजण्यापेक्षा ती कितीतरी बरी. पण कॅल्क्युलेटर फक्त आपण दिलेल्या आकड्यांचं गणित करतो. तुमच्या गाडीचा मडगार्ड किती आत आहे, शॉकॲब्सॉर्बर रिमपासून किती बोटं लांब आहे, हे त्याला ठाऊक नसतं. लोक निम्मेच आकडे भरतात, स्क्रीनवर हिरवी खूण आली की पैसे देऊन मोकळे होतात, आणि मग टायर घासायला लागला की टायरवाल्याशी वाद.

सुरुवातीचाच आकडा चुकीचा

सेकंडहँड गाडी असेल तर आत्ता चढवलेल्या टायरवरची साइज मूळ धरू नका. आधीच्या मालकाने काय बसवलंय कोणाला माहीत! ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं स्टिकर किंवा गाडीचं मॅन्युअल बघा. २०१८ साली आलेल्या स्विफ्टमध्ये खालच्या व्हेरियंटला १६५/८० आर१४ (रुंदी १६५ मिलिमीटर, भिंतीची उंची तिच्या ८० टक्के, रिम १४ इंच) होता, वरच्याला १८५/६५ आर१५. पहिल्याचा व्यास ६१९.६ मिलिमीटर, दुसऱ्याचा ६२१.५. रिम एक इंच वाढलं, पण बाहेरचा व्यास जेमतेम दोन मिलिमीटर हलला. साइज बदलायची तर अशी.

आता त्याच १८५ च्या जागी १९५/६५ आर१५ टाकून बघा. व्यास ६३४.५, म्हणजे साधारण २ टक्के जास्त. तीन टक्क्यांच्या आत आहे म्हणून बरेच कॅल्क्युलेटर होकार देतात. पण मीटर १०० दाखवेल तेव्हा गाडी आधीच्या टायरच्या मानाने दोन किलोमीटर जास्त वेगात असेल. किलोमीटरही कमी मोजले जातील. ॲव्हरेज पडलं म्हणून इंजिन खोलण्याआधी हा हिशेब मांडून बघा.

ईटीचा रकाना रिकामा सोडू नका

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. रिमची मधली रेषा आणि हबला (गाडीचा जो भाग चाक धरतो त्याला) टेकणारा भाग यांतलं मिलिमीटरमधलं अंतर म्हणजे ईटी, ऑफसेट. अलॉयच्या मागच्या बाजूला तो आकडा कोरलेला असतो. ईटी जितका जास्त, तितकं चाक आत. कॅल्क्युलेटरवर हा रकाना भरला नाही की काही ठिकाणी आपोआप काहीतरी धरलं जातं, आणि निकाल मात्र अगदी खात्रीचा वाटतो.

समजा मूळ रिम ६ जे (म्हणजे ६ इंच रुंद), ईटी ४५. नवं आवडलंय ते ७ जे, ईटी ३८. एक इंच म्हणजे दोन्हीकडे अर्धा-अर्धा इंच वाढेल असं मनात येतं. तसं होत नाही. जुन्या रिमची निम्मी रुंदी ७६.२ मिलिमीटर, त्यातून ४५ वजा केले की बाहेरची बाजू हबपासून ३१.२. नव्याची निम्मी रुंदी ८८.९, त्यातून ३८ गेले की ५०.९. म्हणजे रिम जवळजवळ २० मिलिमीटर बाहेर आलं. आतल्या बाजूला मात्र १२१.२ चे १२६.९ झाले, सहा मिलिमीटरसुद्धा नाही. हे २० मिलिमीटर आपल्या कोल्हापुरातल्या तावडे हॉटेलजवळच्या सपाट हायवेवर कळत नाहीत. मागे तिघं बसवून गगनबावड्याकडे निघालात आणि पहिल्याच खड्ड्यात गाडी दबली की मडगार्डची कड टायरच्या खांद्यावर घासते.

म्हणून आकडे जुळले तरी गाडीवर मोजा. चाक सरळ ठेवून टायर आणि मडगार्डमधली जागा बघा, मग स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकच्या लायनरपाशी किती जागा उरते ते बघा. शॉकॲब्सॉर्बर आणि टायर यांच्यात बोट सहज फिरलं पाहिजे.

भोकं जुळली म्हणजे रिम बसलं असं नाही

पीसीडी, म्हणजे नटांची संख्या आणि त्यांच्या भोकांच्या वर्तुळाचा मिलिमीटरमधला व्यास, डोळ्यांनी ओळखू नका. फियाटच्या काही गाड्यांचा ४ गुणिले ९८ आणि मारुती-ह्युंदाईच्या बऱ्याच छोट्या गाड्यांचा ४ गुणिले १०० शेजारी ठेवले तरी सारखेच दिसतात. नट ओढून घट्ट होतो, पण तिरका बसतो आणि पुढे ढिला पडू शकतो. भोक मोठं करून जुळवून देतो असं कोणी म्हणालं तर तिथून निघा.

सेंटर बोअर, म्हणजे रिमच्या मधल्या भोकाचा व्यास, बहुतेक जण विसरतात. स्विफ्टचा हब ५४.१ मिलिमीटरचा, जुन्या सिटीचा ५६.१. सिटीचं रिम स्विफ्टला चढेल, पण मधे दोन मिलिमीटरचा खेळ राहील आणि ८०-९० च्या पुढे स्टेअरिंग थरथरू शकेल. बॅलन्सिंग कितीही वेळा केलं तरी हे जात नाही. इलाज म्हणजे बरोबर मापाची हब रिंग. आपल्या उद्यमनगरात लेथची कमी नाही, ॲल्युमिनियमची रिंग मापात करून घेता येते. पण मोजमाप अंदाजपंचे नको, व्हर्नियरने घ्या. उलट रिमचा बोअर हबपेक्षा लहान असेल तर ते रिम सोडून द्या.

नटाचं तोंडही बघा. सुझुकी-ह्युंदाईचा नट शंकूसारखा, होंडाच्या मूळ रिमचा गोलाकार. सुझुकीच्या नटाच्या आट्यांमधलं अंतर १.२५ मिलिमीटर, ह्युंदाईचं १.५. हे कॅल्क्युलेटरवर सहसा नसतंच.

वजनाचा आकडा

१८५/६५ आर१५ ऐवजी १९५/५५ आर१६ घेतला तर व्यास जवळपास तोच राहतो. पण पहिल्याचा लोड इंडेक्स साधारण ८८, म्हणजे टायरमागे ५६० किलो. दुसऱ्याचा नेहमीचा ८७, म्हणजे ५४५. स्टिकरवर लिहिलंय त्याच्या खाली जाऊ नका. शिवाय टायरची भिंत १२० मिलिमीटरवरून १०७ वर येते. पावसाळ्यानंतर शहरातले खड्डे आठवा. भिंतीला फुगा येणं आणि रिम वाकणं यातूनच सुरू होतं. ज्याला रोज अशा रस्त्यांवरून जायचंय त्याने एक इंच वाढवण्याआधी दहादा विचार करावा, असं माझं ठाम मत आहे.

आणखी एक: बरेच कॅल्क्युलेटर परदेशी आहेत. यादीत तुमच्या गाडीचं नाव असलं तरी ते युरोपातलं मॉडेल असू शकतं. नाव निवडण्यापेक्षा आकडे स्वतः भरा.

बसवून झालंय आणि घासतंय?

टायरच्या दोन्ही खांद्यांवर खडूचा जाड पट्टा ओढा. गाडीत पूर्ण माणसं बसवून जोतिबाची चढण चढून या, वळणं भरपूर मिळतील. खडू बाहेरून पुसला असेल तर चाक जास्त बाहेर आलंय, ईटी कमी पडतोय. आतून पुसला असेल तर शॉकॲब्सॉर्बर किंवा लायनर बघा. फक्त पूर्ण वळवल्यावर पुढे घासत असेल तर टायरचा व्यास किंवा रुंदी जास्त आहे. स्पेसर (हब आणि रिमच्या मधे घालायची चकती) लावून किंवा मडगार्डची कड ठोकून वेळ मारून नेऊ नका, साइज बदला.

कायद्याचंही भान ठेवा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल करता येत नाहीत. त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनीने दिलेली साइज घेतली तर बराच घोर मिटतो.

आणि स्टेपनी. चार चाकं बदलून डिकीत जुनी तशीच ठेवली असेल तर तिचा व्यास नव्या चाकांशी ताडून बघा. अलॉयसाठी वेगळे नट घेतले असतील तर स्टेपनीच्या लोखंडी रिमला चालणारे जुने नट पिशवीत घालून जॅकशेजारी ठेवा.